सूचना : रविवारची बैठक, दिव्यांगांसाठीची सहायक साधनं बाजारात कशी येतील?

सभासदहो,
येत्या रविवारी संध्याकाळी ४ वाजता म्हापशात नेहमीच्या जागी भेटू.

गुडघ्याच्या वरच्या उंचीवरचे अडथळे ध्वनिलहरींनी ओळखून मुठीत कंप देणारी, आयआयटी दिल्लीची अंधांसाठीची काठी 'स्मार्टकेन' २०१४ मध्ये बाजारात आली. तिच्यामागे अंध वापरकर्त्यांच्या चाचण्या होत्या. आपल्या साधनांचे नमुने मात्र प्रदर्शनातच अडकतात! म्हणून:

- संशोधकांनी चालता नमुना आणावा, नुसत्या स्लाइड नकोत. किंमत, सुटे भाग, दुरुस्ती कोण करणार, हे लिहून आणावं. आपल्या पावसात टिकतं का, तेही.
- घरी वापराविना पडलेलं साधन असेल तर जरूर आणा. ते का सोडलंत हे ऐकणं सर्वांत महत्त्वाचं.
- सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असल्यास गुरुवारपर्यंत कळवा.

व्हीलचेअरसाठी रॅम्प मागच्या दाराला आहे. तिथे स्कूटर लावू नयेत.

– सचिव