सही करून टाकली आहे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी ‘बरं, बरं’ म्हणत विषय पावसावर नेला असता. म्हणून लिहितेय. इथली, डेन्मार्कमधल्या ओडेन्सची नोकरी आणखी दोन वर्षं वाढवून घेतली. परवा सही केली. आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण हातातलं काम अर्धवट टाकून आले असते तर तुम्हीच बोलला असतात. बोलला असतात ना?

खोली उबदार आहे, तूप करता येतं, मेतकूट अर्धी बरणी उरलंय.

बाबा, ‘तिकडे नेमकं काय करतेस?’ असं विचारता ना? तुमच्या एचबीए१सीचीच, म्हणजे त्या साखरेच्या रक्ततपासणीचीच भावकी आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला साखर चिकटते. ते सहा अमिनो आम्लांचं टोक कापून मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंच्या तराजूवर तोललं, की साखरवाला तुकडा १६२ डाल्टनने (रेणूंच्या वजनाचं माप) जास्त भरतो. तसल्याच तुकड्यांवर माझं काम. साखर नेमकी कुठल्या आम्लावर बसलीय हे कळायला तुकडा आणखी मोडावा लागतो, आणि तिथेच गोची. मामाकडची बोर आठवतेय? तुम्ही खोड गदागदा हलवायचात, मी खाली फ्रॉकचा ओचा धरून. बोरं पडायची, फांदी मोडायची नाही. वायूच्या रेणूंवर आयन, म्हणजे विद्युतभार दिलेले आमचे तुकडे, आपटले की तसंच होतं. दर धडकेची थोडी ऊर्जा तुकडाभर पसरते आणि सगळ्यात कच्चा बंध आधी सुटतो. साखरेतलं पाणीच निघून जातं, तीन रेणू गेले की वजन ५४ ने कमी, आणि कणा, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, बराचसा शाबूत. म्हणून आम्ही तुकड्याला इलेक्ट्रॉन देतो. मग फांदी तुटते, बोरं तिच्यावरच राहतात. हे बघताना मला दर वेळी तुमचा घामेजलेला सदरा दिसतो. असो.

आता ऐका. तुमचा एचबीए१सीचा आकडा ८.४ आलाय हे मला दादाकडून कळावं? दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो तो, आदल्या दिवशी श्रीखंड सोडून काही होत नाही. गच्चीवर अनवाणी जायचं नाही. रोज तळपाय बघायचे, दिसत नसतील तर आईने बघायचे. आई, तू त्यांना भात वाटीने वाढ, आणि स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे काढ. ‘बघू’ नको.

रागावले नाहीये गं.

गणपतीला येतेय, पंधरा दिवस. परतीचं तिकीटही काढलंय, ते आत्ताच सांगून ठेवते.

तुमची,
चिमणी