पुतण्याच्या उपचाराबद्दल सुधाकरला

ठाणे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर अनिकेतच्या कार-टी उपचाराबद्दल तू विचारलेस, "त्याचेच रक्त काढायचे आणि त्यालाच परत द्यायचे, तर यात औषध ते कोणते?" तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो आहे.

अनिकेतचा आजार बी-पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग आहे. शत्रूला मारण्याचे काम टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे. पण बिघडलेल्या बी-पेशी शरीराच्याच असल्यामुळे टी-पेशींना त्या ओळखू येत नाहीत. कार-टी उपचारात रुग्णाच्या टी-पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात एक जनुक घालतात आणि मग बी-पेशींवरचे सीडी-१९ नावाचे प्रथिन त्यांना ओळखता येऊ लागते. अशा कोट्यवधी पेशी वाढवून, आधी थोडी केमो देऊन, त्या सलाईनसारख्या शिरेतून सोडतात. औषध म्हणजे या पेशीच, आणि त्या शरीरात गेल्यावर आणखी वाढतात.

धोकाही तिथूनच सुरू होतो. २०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या ६ वर्षांच्या मुलीला हा उपचार दिला, तेव्हा ती तापाने फणफणली आणि तिला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हे दाह वाढवणारे प्रथिन बेसुमार वाढलेले आढळले. हा उपचार विकसित करणारे शास्त्रज्ञ कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता, म्हणून त्यावरचे, इंटरल्युकिन-६ ला रोखणारे टोसिलिझुमॅब हे औषध त्यांना ठाऊक होते. ते दिले आणि एमिली वाचली. एका बापाच्या घरातल्या दुखण्यातून आलेली ती माहिती आज जगभर कार-टीच्या रुग्णांना जगवते आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे हे काम पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांनी आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मिळून उभे केले. त्यांच्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. मात्र प्रतिसाद म्हणजे कायमची सुटका नव्हे. काहींचा आजार उलटतो, आणि निरोगी बी-पेशीही मरत असल्यामुळे पुढे जंतुसंसर्गाची भीती राहते. वहिनींना हे आताच सांग, नंतर सांगणे अधिक जड जाईल.

अमेरिकेत २०१७ साली अशा पहिल्या उपचाराची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. इथे ती सुमारे ३० ते ४० लाख रुपये आहे. फरक मोठा आहे, पण शेत विकूनही इतके पैसे न उभे राहणारी घरे आपल्या तालुक्यात किती आहेत हे तुला माहीत आहे. त्यांचे काय, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचार: अनिकेतच्या ताज्या बोन मॅरो रिपोर्टमध्ये पेशींवर सीडी-१९ आहे का, आणि पेशी तयार होईपर्यंत आजार आटोक्यात कसा ठेवणार? उपचारानंतर काही आठवडे रुग्णालयाच्या जवळ राहावे लागते. टाटाच्या खारघरच्या केंद्रात जायचे ठरले तर आमच्याकडेच उतरा. ठाण्याहून पनवेल लोकल थेट तिथे जाते, आणि मागची खोली मी रिकामी करायला घेतली आहे.

तुझा,
विनायक