बाळ छान दिसतंय म्हणूनच टाचेची टेस्ट करा

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या आरोग्याच्या पानावर बाळाची झोप, दूध, अंघोळ यावर बरंच येतं, पण जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन जी तपासणी करतात तिच्यावर कधी चार ओळी वाचल्याचं आठवत नाही म्हणून लिहितेय. मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे.

लोक घाबरतात ते डोळ्यांना दिसतं त्याला. नाकावर पांढरे बारीक दाणे, अंगावर लाल पुरळ, मुलीच्या लंगोटात रक्ताचा डाग, वजन थोडं उतरलं, की लगेच धावपळ. यातलं बहुतेक आपोआप जातं, वजन तर पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. आणि तीच माणसं टेस्टचं नाव काढलं की म्हणतात, सिस्टर एवढ्याशा जीवाला टोचता कशाला, बाळ किती छान आहे!

अहो, छान दिसतंय म्हणूनच तर करायची. जन्मजात थायरॉईड कमी असलेलं बाळ (साधारण २००० ते ४००० बाळांमागे एक) पहिले काही आठवडे अगदी नॉर्मल वाटतं, कारण पोटात असताना आईचं थोडं थायरॉईड त्याला मिळालेलं असतं. मग ते जरा जास्त झोपतं, कमी रडतं, शी कडक होते, आणि घरचे कौतुक करतात, किती शहाणं बाळ, त्रासच देत नाही. तोवर मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं आणि ते नंतर भरून निघत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत रोजची एक छोटी गोळी चिरडून द्यायला सुरुवात केली तर हीच मुलं बाकीच्यांसारखी वाढतात.

टेस्ट म्हणजे काय तर टाच कोमट करायची, टाचेच्या कडेला (मधे नाही) एक टोचणी, पहिला थेंब पुसायचा, दुसरा मोठा थेंब जाड फिल्टर पेपरच्या गोलात आरपार भिजेल असा घ्यायचा आणि पेपर आडवा ठेवून वाळवायचा. बाळ रडतं, आईने जवळ घेतलं की गप्प होतं. असं कागदावर रक्त घ्यायची पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या सुमारास आणली, म्हणजे नवीन फॅड वगैरे काही नाही.

लवकर डिस्चार्ज मागणाऱ्यांनी एक समजून घ्या. जन्मानंतर पहिल्या दिवशी टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉईड कमी असलं की हे वाढतं) सगळ्याच बाळांचं वाढलेलं असतं, आणि काही आजार पोटात दूध गेल्याशिवाय कळतच नाहीत, म्हणून सॅम्पल २४ तासांनंतर, शक्यतो ७२ तासांच्या आत घेतात. आधीच घरी निघालात तर टेस्ट कधी करायची ते विचारूनच निघा. आणि रिपोर्टचा फोन आला तर लगेच रडारड नको, स्क्रीनिंगमधे आलं म्हणजे आजार आहेच असं नाही, पण पुन्हा रक्त द्यायला या मात्र नक्की, फोन बदलला असेल तर नंबर कळवा! नंबर लागत नाही म्हणून आमचा अर्धा दिवस जातो, तो राग वेगळाच.

कावीळ बहुतेक बाळांना दुसऱ्या तिसऱ्या दिवशी दिसते आणि हळूहळू उतरते, पण पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं तर थांबायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. बाळाला निळ्या लाइटखाली ठेवायला सांगितलं तर खिडकीतलं ऊन त्याच्याऐवजी चालत नाही. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा आहे आणि शी पांढरट, खडूसारखी होतेय तर पित्तनळीचा आजार असू शकतो, त्याचं ऑपरेशन साधारण ६० दिवसांच्या आत झालं तर जास्त उपयोग होतो. लंगोट बदलताना शीचा रंग बघत जा, एवढंच.

कानाच्या टेस्टलाही लोक येत नाहीत. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटा प्रोब घालतात, दुखत नाही, पाच दहा मिनिटं. एका कानात रिफर (म्हणजे पास नाही, पुन्हा तपासायचं) आलं की बाहेर येऊन आजी टाळी वाजवून दाखवतात, बघा बघतंय, ऐकू येतं! टाळीला एकाच कानाने ऐकू येणारं बाळही वळतं, आणि कधी नुसत्या हाताच्या हालचालीलाही. बऱ्याचदा कानात जन्माच्या वेळचं पाणी असतं आणि पुढच्या टेस्टला पास होतं, पण जे होत नाही त्याचं निदान ३ महिन्यांच्या आत आणि मशीन वगैरे उपचार ६ महिन्यांच्या आत सुरू झाले तर बोलणं नीट येतं. दीड दोन वर्षांनी बोलत नाही म्हणून आणतात तेव्हा मधला तो काळ गेलेला असतो.

तेव्हा साहेब, एखाद्या रविवारी टाच, कान, आणि हातापायाला क्लिप लावून ऑक्सिजन बघतात ती हृदयाची तपासणी, या तिन्हींची एक चौकट छापा, कात्रण वॉर्डातल्या दारावर लावायची जबाबदारी माझी.

आपली,
एक नर्स