दिग्यास पत्र, गरुडाच्या पाठीबद्दल

गावभाग, सांगली
श्रावण

प्रिय दिग्या,

पत्र नाही, फोन नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. पण ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. तू मध्येच हसतोस आणि मग आपली गाडी भाऊकाकांवर घसरते. तब्येत बरी. शुगर आहे तिथंच आहे, आईचा गुडघा पावसाळी दुखतो तसा दुखतोय.

या वर्षी आपल्या मंडळाचा गणपतीचा देखावा आहे ‘जगभरातले पंखवाले’. मधोमध गरुड, भोवतीनं इजिप्तची इसिस, असिरियाचा पंखधारी पुरुष, ग्रीकांची विजयदेवता, देवदूत आणि जपानचा तेंगू, म्हणजे तिकडचं डोंगरातलं पंखवालं भूत. कल्पना पिंट्याची, आणि खोटं कशाला बोलू, चांगली आहे. पण गरुडाला पंख लागले आणि माझं डोकं फिरलं. बाजारातनं तयार आणलेले, आणि मारलेत कुठं, तर पाठीच्या मध्यावर बरगड्यांवर, दोन-दोन नटबोल्ट लावून. शाळेच्या पोरानं दप्तर अडकवावं तसा दिसतोय तो विष्णूचं वाहन. मंडळात सगळे म्हणतायत झकास. काय चुकलंय हे ज्याला न सांगता कळेल असा एकटा तू.

पंखवाल्या माणसाची सगळी गोम पाठीत. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच: दंड, कोपर, मनगट, सगळं तिथं आहे. पाठीचा कणा असलेल्या जिवाला हातपाय मिळून चारच. हात ठेवून वर पंख दिलेस की सहा झाले, आणि त्या जादा जोडीला धरायला ना खांदा, ना छातीचं हाड. विष्णुधर्मोत्तर पुराणातला गरुड तर आणखी पुढं: पाचूचा रंग, घुबडाचं नाक, चार हात, गिधाडाच्या मांड्या आणि पाय, वर दोन पंख. म्हणजे आठ. सुतारमामा ऐकूनच उठून गेले असते.

ही अडचण जगभर सगळ्यांना आली आणि ज्यानं त्यानं आपापली पळवाट काढली, हे मला या निमित्तानं नीट कळलं. इजिप्तवाल्यांनी सरळ हातालाच पिसं लावली. इसिस हात पसरते आणि दंडापासनं मनगटापर्यंत पिसं खाली लोंबतात, जादा अवयव नाहीच. त्यांचा ‘बा’, म्हणजे मेलेल्याचा आत्मा, म्हणजे पक्ष्याच्या धडावर माणसाचं डोकं. ग्रीकांच्या जुन्या चित्रांतल्या सायरन, म्हणजे गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या बायका, त्याही तशाच. मासोळीच्या शेपटीच्या सायरन मागाहून आल्या. डोकं बदललं की पाठीचा प्रश्नच मिटला. असिरियन लोक त्याहून हुशार. निमरूदला दुसऱ्या अशुरनासिरपालच्या राजवाड्यात (इ. स. पू. ८८३ ते ८५९) भिंतभर पंखवाले पुरुष कोरलेत, एका हातात बादली, दुसऱ्यात सुळक्यासारखं फळ. पण सगळे उथळ कोरीव. सांधा दगडाच्या आत गेला, बघणार कोण? आपल्या मिरजेच्या कमानीवर रंगवलेल्या गरुडाचंही तेच. सपाट कामात चोरी पचते. आपली मूर्ती चारी बाजूंनी दिसणार, लोक मागनं फिरून बाहेर पडणार, तिथं नाही पचत.

खरं धाडस एकीनंच केलंय, सामोथ्रेस बेटावरच्या विजयदेवतेनं. १८६३ साली तुकड्यांत सापडली, आता पॅरिसला लूव्हरमध्ये आहे. संगमरवरी पंख, पाठीतल्या खाचेत बसवलेले, बाहेरून एकही टेकू नाही. सगळं वजन अंगावर पेलतंय. उजवा पंख मात्र प्लास्टरचा, डावा उलटा करून केलेला. म्हणजे दुरुस्तीची भानगड तिथंही चुकली नाही. बालीतल्या विष्णू-गरुडाची गोष्ट निराळी: पायथ्यासकट १२१ मीटर उंच, गरुडाच्या पंखांचा पसारा साधारण ६४ मीटर, आत पोलादी सांगाडा, वर तांब्यापितळेचे पत्रे. २०१८ साली पुरा झाला. तिथं पाठ कशी सांभाळली हा प्रश्न इंजिनिअरांचा, आपला नाही.

आणि आपले लोक? वेरूळला कैलासाच्या भिंतींवर गंधर्व बघ. पंखच नाहीत! गुडघे मागं दुमडलेले, शेला मागं उडतोय, आणि माणूस हवेत आहे यावर डोळे बिनतक्रार विश्वास ठेवतात. तू नेहमी म्हणायचास, ‘सांधा शेल्याखाली दडव.’ त्या तासगावच्या वर्षी आपलं यावरनंच वाजलं होतं आणि तू माझा ब्रश कालव्यात टाकलास. तो ब्रश अजून तुझ्या नावावर आहे. शेला गंधर्वाला ठीक; ज्याला पंख दिलेत त्याची पाठ दडवणं मला आजही लबाडी वाटते. तुझी शपथ, यावर मी हटणार नाही.

म्हणून हे बोल्ट काढून मी सांगतोय तसं करायचं चाललंय. तू वाच आणि कुठं फसेल ते कळव.

पंखाचं मूळ खांद्याच्या फऱ्यावर पाहिजे, काखेच्या वरच्या रेषेत. २५ बाय ५ मिलिमीटरची लोखंडी पट्टी दोन्ही फऱ्यांवरनं आडवी, ती मधल्या उभ्या पाइपला वेल्ड. पाइप दोन इंची, एका पायातनं थेट पाटात. पट्टीवर कागदाच्या लगद्यानं स्नायूचा उंचवटा चढवायचा, मानेकडं निमुळता आणि खाली बरगडीत विरलेला. हा उंचवटा नसला की पंख चिकटवलेला दिसतो, मग तो सोन्याचा असो. छातीही पुढं काढायची. पक्ष्याचं बळ छातीत असतं. सपाट छातीचा देवदूत उडेल कसा? हे पिंट्याला पटलं, आश्चर्य आहे.

मूर्ती सहा फुटी, तर पंख मुळापासून टोकापर्यंत पाच फूट. आठ मिलिमीटरची सळई तीन ठिकाणी वळवायची: खांद्यातनं मागं-वर, कोपरात बाहेर, मनगटात पुन्हा खाली. मनगट डोक्याच्या वर गेलं पाहिजे. बाजारच्या पंखाला मनगटच नाही, म्हणून तो पंख्यासारखा उघडतो. लांब पिसं दोन जातींची: मनगटापुढच्या भागाला १०, ती सगळ्यांत लांब, कोपर ते मनगट त्याहून आखूड. टोकाची पाच-सहा बोटांसारखी सुटी ठेवायची, घारीची वर बघून दिसतात तशी. चिकटवताना खालच्या कडेपासनं सुरुवात आणि वर चढत जायचं, म्हणजे वरची रांग खालच्यावर बसते. उलट केलं की प्रत्येक पिसाचं देठ उघडं पडतं.

आता देठाचं बघ, इथं सगळे फसतात. जाड कार्डशीट कापायची आणि बांबूची कामटी बरोबर मधोमध चिकटवायची, की झालं केळीचं पान. टोकाच्या पिसाचं देठ पुढच्या कडेला सरकलेलं असतं. पुढची बाजू अरुंद, मागची रुंद. अंगाजवळ येऊ तसं ते मध्याकडं सरकतं. एवढं एक केलं तरी लांबून पंख खरा वाटतो, का ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. रंग दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला दिला की कार्ड वळतं, आणि भाद्रपदातल्या दमट हवेत सगळी पिसं माना टाकतात.

पिंट्याला पंख हलते पाहिजेत. वायपरची मोटर आणलीय, १२ व्होल्टची. पंख चार किलो, वजनाचा मध्य मुळापासनं ७५ सेंटिमीटर. नुसत्या मोटरला ते झेपायचं नाही, एका रात्रीत गिअर खाईल. म्हणून पोकळ धडात पंखाच्या दांड्याचं दुसरं टोक ३० सेंटिमीटर आत घ्यायचं आणि त्याला १० किलो बांधायचं. तोल बसला की मोटरला फक्त हलवायचं काम. दोन्ही दांडे एकाच पातळीत ठेवू नकोस म्हणून सांगितलंय. एक पुढं, एक मागं, नाहीतर आत टकरा. मोटर मिनिटाला साधारण ४० फेरे मारते, तेवढ्यात गरुड डास मारतोय असं वाटेल. सहा व्होल्ट द्यायचे. क्रँक, म्हणजे मोटरबरोबर फिरणारा आखूड हात, तीन सेंटिमीटरचा, दांड्यावर तो सांध्यापासून २० सेंटिमीटरवर जोडायचा, म्हणजे पंख १७ अंशांत हलतो आणि टोक दीड फूट वरखाली. त्याहून जास्त हलवलं की दार उघडझाप केल्यासारखं. पंख मागं असल्यानं तोल मागं जातो, तर पाट मागच्या अंगाला दीड फूट वाढवलाय, आणि गुडघा टेकलेलाच ठेवलाय. नमस्कार करणाऱ्या गरुडाला आपल्याकडं तीच बैठक, आणि टेकायला तिसरी जागा मिळते.

तेंगूचं काम सोपं निघालं. चोचीचा घे किंवा लांब नाकाचा, पंख लहानच, सगळं लक्ष तोंडाकडं. पण जपानातला एक गरुड मला फार आवडला: नाराच्या कोफुकुजी मठातला, ७३४ सालचा. डोकं पक्ष्याचं, अंगावर चिलखत, आणि पंख नाहीतच. मातीच्या साच्यावर लाखेत भिजवलेल्या कापडाचे थर, वाळल्यावर माती काढून आत लाकडी चौकट. आपण खळ आणि जुन्या धोतरानं करतो तेच की! अकबरमामूंना हे सांगितलं तर म्हणाले, ‘त्यांनी लाख घातली, आपण मैदा, म्हणून आपलं झुरळं खातात.’

देवदूताचं अजून ठरत नाही. बायबलात यशयाच्या ग्रंथात सेराफिम नावाच्या देवदूताला सहा पंख: दोनांनी तोंड झाकतो, दोनांनी पाय, दोनांनी उडतो. सहा केले तर सहा सांधे, माझ्या पोटात गोळा आला. अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती चित्रांत तर देवदूतांना पंखच नव्हते, साधी माणसं काढायचे. तसा काढला तर लोक विचारतील हा कोण. दोन पंखांवर भागवावं म्हणतोय. तुला काय वाटतं?

तुझं काय? सेटवरचं काम टिकलं का? वहिनींच्या बदलीचं झालं असेल ना एव्हाना. चिन्मयची दहावी, त्याला चित्रकलेची परीक्षा देऊ दे, आडवा येऊ नकोस. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी अजून इशारा पातळीच्या खाली आहे, म्हणजे घरची काळजी नको. गणपतीला येतोस का ते पक्कं कळव, तुझी गादी माळ्यावरनं काढायला लागेल.

तुझा,
नंदू

ता. क. खळीत मोरचूद किती घालायचा? तू चिमूटभर म्हणायचास, पण चिमूट तुझी का सुतारमामांची? आणि फऱ्यावरच्या पट्टीला वेल्ड पुरेल का वर दोन रिबिटही मारू, एवढं आधी कळव. लगदा चढल्यावर ते उघडता येणार नाही.