डोळे बारीक करून पाहिलेलं सहावं पान

प्रिय मित्रा,

तुझ्या पुस्तिकेचा कच्चा मसुदा मिळाला. पहिल्यांदा मी तो वाचलाच नाही. पान हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले आणि नुसतं पाहिलं. असं केलं की अक्षरं विरघळतात, पानावर काळे-करडे डाग तेवढे उरतात आणि त्यांतला कुठला डाग आधी नजर खेचतो ते लगेच कळतं. सहाव्या पानावर माझी नजर सगळ्यात आधी पान क्रमांकावर गेली. काळ्या गोलातला तुझा तो पांढरा ६! हसू नकोस, मी खरंच सांगतोय.

मग वाचली. मजकूर छान आहे, घरातली झाडं सांभाळण्याबद्दल इतकं नेमकं मी तरी वाचलेलं नाही. घोळ आहे तो मांडणीत. शीर्षक ठळक, उपशीर्षक ठळक, शिवाय प्रत्येक परिच्छेदात दोन-तीन वाक्यं ठळक. अरे, शेजारी काहीतरी साधं असेल तरच ठळक ते ठळक दिसणार ना? आधी परिच्छेदांतलं सगळं बोल्ड काढून टाक. अर्धं काम तिथेच होईल.

दुसरं म्हणजे आकार. तुझा मजकूर 11 पॉइंटात आहे आणि उपशीर्षकं 12 मध्ये. एवढ्याशा फरकाने वाचणाऱ्याला पातळी बदलल्याचं कळत नाही, काहीतरी चुकलंय एवढंच जाणवतं. एकतर 11 च ठेवून ठळक कर, नाहीतर सरळ 15-16 वर जा. शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूत ओतलेल्या अक्षरांच्या छपाईत 12 नंतर 14, 18, 24, 36, 48 असे आकार असायचे. आकार वाढेल तशी दोन आकारांमधली उडीही वाढायची. त्यातले बरेच आकडे आजही सॉफ्टवेअरच्या यादीत दिसतात. आणि आपल्या देवनागरीत तर ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण रोमन लिपीवाल्यांसारखी कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत. इटॅलिकचं म्हणशील तर सॉफ्टवेअरने तिरकी केलेली देवनागरी मला तरी कलंडलेली वाटते. म्हणजे आपल्या हातात उरतं काय, तर आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा. चौथ्या पानावरच्या दोन ओळींच्या शीर्षकात तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकलाय. तिथलं लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, वाढव.

आता मोकळी जागा, कारण खरी गंमत तिथेच आहे. तू उपशीर्षकाच्या वर आणि खाली सारखंच अंतर सोडलंयस. हीच चूक मीही केली होती. एका अहवालात मी सगळी उपशीर्षकं अशीच मधोमध लटकवली आणि एका वाचकाने विचारलं, 'हे शीर्षक वरच्या तक्त्याचं की खालच्या परिच्छेदाचं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. जवळ असलेल्या गोष्टी डोळा आपोआप एका गटात धरतो. माक्स वेर्थहायमर या मानसशास्त्रज्ञाने 1923 मध्ये नुसते ठिपके काढून हे दाखवलं होतं. उपशीर्षक खालच्या मजकुराचं असतं, म्हणून वर भरपूर जागा सोड आणि खाली थोडी. मी साधारण दुप्पट-निम्मं धरतो. वर 18 पॉइंट, खाली 9. एवढं केलंस तर कदाचित आकार वाढवायचीही गरज पडणार नाही.

उपशीर्षकांचे शब्दही बघ. 'प्रस्तावना', 'पाणी', 'इतर माहिती' यांतून काहीच हाती लागत नाही. 'पाणी'ऐवजी 'माती कोरडी झाल्यावरच पाणी घाला' असं लिही. लांब झालं तरी चालेल. वेबपानं वापरायला सोपी कशी करावीत याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नीलसन यांनी 2006 मध्ये 232 जणांची नजर वेबपानांवर कशी फिरते ते पाहिलं. वरच्या एक-दोन ओळी आडव्या वाचायच्या आणि मग डाव्या कडेने खाली घसरत जायचं, अशी इंग्रजी एफ अक्षरासारखी वाट त्यांना वारंवार दिसली. तुझी पुस्तिका कागदावर असली तरी चाळणारा माणूस घाईतच असतो. घसरणाऱ्या त्या नजरेला अडवतील असे शब्द उपशीर्षकाच्या सुरुवातीलाच आण. एकदा फक्त उपशीर्षकं सलग वाचून बघ. झाड जगवण्यापुरतं त्यातून कळलं पाहिजे.

पातळ्या तीन पुरेत. तू पाच केल्यात आणि चौथी-पाचवी मलाही वेगळी ओळखता आली नाही. जे करशील ते सॉफ्टवेअरमधली शीर्षकाची तयार स्टाइल लावून कर, हाताने बोल्ड करू नकोस. नाहीतर पीडीएफ स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकणाऱ्याला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येणार नाही. त्याच्यासाठी तुझ्या शीर्षकांची सगळी उतरंड सपाटच राहील.

रंगाबद्दल थोडंच सांगतो. फिकट करडी उपशीर्षकं नकोत. सुगम्यतेच्या (कमी दिसणाऱ्यांनाही वाचता यावं यासाठीच्या) निकषांत साध्या मजकुराला किमान 4.5:1 आणि मोठ्या अक्षरांना 3:1 कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, मागितलाय, तुझा करडा त्यात बसेल असं वाटत नाही. लाल हवाच असेल तर एकाच पातळीला दे. मध्ययुगीन युरोपातले लेखनिक शीर्षकं लाल शाईने लिहायचे आणि इंग्रजीतला 'रुब्रिक' हा शब्द लाल मातीच्या लॅटिन नावावरूनच आला. पण त्यांचं बाकीचं पान काळं असायचं, तुझ्यासारखं हिरवं-निळं नव्हे!

सगळी पुस्तिका एकदम उपसू नकोस. सहावं पान तेवढं करून पाठव, पान क्रमांक कोपऱ्यात आणि लहान. मी पुन्हा डोळे बारीक करून बघतो.

तुझाच,
जुना टीकाकार