गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गाडीत अँप (स्पीकरना ताकद देणारा अँप्लिफायर) बसवलास आणि वायरिंगही स्वतःच केलंस, वा! पण ‘अँपवरचे सगळे स्क्रू फुल केलेत, तरी बेस साफ येत नाही’ हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. अरे बाबा, त्या फुलमुळेच तर साफ येत नाही.

आधी गेनचं बघू, कारण निम्मा घोळ तिथेच असतो. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही. डेकच्या, म्हणजे गाडीतल्या म्युझिक प्लेअरच्या, आरसीए वायरीतून जेवढ्या व्होल्टचा सिग्नल येतो, त्याच्याशी अँप जुळवून घ्यायची ती सोय आहे. त्या स्क्रूभोवती नीट बघ, एका टोकाला ०.२ व्होल्ट आणि दुसऱ्याला ६ किंवा ८ असं काहीसं छापलेलं असेल. डेक ४ व्होल्ट देतोय आणि स्क्रू ०.२ वर, तर व्हॉल्यूम जरा वाढवला की अँपचा दम संपतो. लाटेचे शेंडे सपाट कापले जातात, म्हणजे क्लिपिंग होतं. आवाज फाटतो तो फाटतोच, वर स्पीकरची कॉइल तापते आणि एक दिवस जळते. गाणं बंद असताना जी बारीक ‘स्स्स’ ऐकू येते म्हणतोस, तीही चढ्या गेनचीच असणार.

आता मल्टिमीटर काढ. सबवूफरच्या (जड बेसच्या मोठ्या स्पीकरच्या) वायरी अँपवरून सोड, गेन पार खाली, म्हणजे ६-८ व्होल्टच्या टोकाला आण, बेस बूस्ट शून्यावर, डेकचं इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन (एकाच सुराचा चाचणीचा आवाज) लाव आणि डेकचा व्हॉल्यूम पाऊणपर्यंत ने. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टर्मिनलला लाव आणि गेन हळूहळू वाढव. किती व्होल्टला थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. सबवूफर ३०० वॅट आरएमएस (सतत पेलेल अशी ताकद) आणि ४ ओहमचा असेल तर १२०० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ३४.६ व्होल्ट. अँप आणि सबवूफर यांत ज्याचा आरएमएस कमी, तोच आकडा धर. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या ‘मॅक्स’ वॅटकडे ढुंकूनही बघू नकोस. आकडा आला की स्क्रूड्रायव्हर खाली ठेव, वायरी परत जोड, आणि यापुढे आवाज वाढवायचा तो डेकवरूनच.

बेस बूस्टचं माझं मत तुला ठाऊक आहेच: शून्यावर ठेव आणि विसरून जा. हा बूस्ट बहुधा ४५ हर्ट्झच्या आसपास जोर लावतो. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट ताकद लागते, १२ ला जवळजवळ सोळापट. ती तुझा अँप आणणार कुठून?

क्रॉसओव्हर, म्हणजे कोणते सूर कोणत्या स्पीकरला जातील ते ठरवणारी सोय, सोपा आहे. सबवूफरच्या चॅनेलचा स्विच एलपीएफवर (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) आणि स्क्रू ८० हर्ट्झपाशी. दारातल्या स्पीकरांना एचपीएफ (फक्त वरचे सूर जाऊ देणारा), तेही ८० च्या आसपास. खालचे जड सूर गेले की ते छोटे स्पीकर असे मोकळे होतात की गायकाचा आवाज एकदम पुढे येतो. मला तरी सगळ्यात मोठा फरक इथेच जाणवला. एवढं करूनही बेस डिक्कीतून आल्यासारखा वाटला, तर एलपीएफ थोडा खाली आण.

फेजचा स्विच ० आणि १८० असा असतो; सबवूफरची लाट इतर स्पीकरांच्या लाटेशी जुळते की उलटी जाते, ते तो ठरवतो. त्यात बरोबर-चूक असं काही नाही. तू ड्रायव्हरच्या सीटवर बस, डिक्कीपाशी कुणाला तरी उभं करून स्विच बदलायला सांग, आणि ज्या बाजूला बेस भरीव लागेल तिथे सोड.

राहता राहिला सबसॉनिक, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणारा फिल्टर. सबवूफरच्या बॉक्सला पोर्ट (हवेसाठीचं भोक) असेल तर तो लागतोच, कारण बॉक्सच्या ट्यूनिंगखालच्या (पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या खालच्या) सुरांना कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलत्या पडद्याला, हवेचा आधार उरत नाही आणि तो वाटेल तसा उसळतो. ट्यूनिंग ३५ हर्ट्झचं असेल तर सबसॉनिक ३० च्या जवळपास लाव. बॉक्स सीलबंद असेल तर फारशी चिंता नाही. तुझा कोणता, ते पत्रात लिहिलंच नाहीस. तेवढं कळव, आणि सबवूफर किती ओहमचा तेही मागे बघून लिही. दोन कॉइलचा निघाला तर जोडणी कशी केलीस त्यावर वरचा हिशोब बदलेल.

तुझाच,
जुना दोस्त