तांडेल काकांना, विजयदुर्ग

तांडेल काका,

साष्टांग नमस्कार.

मुंबईला सुखरूप पोचलो ते फोनवर कळवलंच होतं. पण फोनवर तुम्ही आभाराचा शब्द काढू देत नाही. ‘ता ऱ्हवांदे, होडी कशी आसा ता सांगा,’ म्हणता. म्हणून हे पत्र, आणि ते मुद्दाम चारचौघांत लिहितेय. आमच्यासारख्या हौसेनं शीड उभारणाऱ्यांना आणि बाजारात पापलेटचा भाव विचारणाऱ्यांनाही कळू दे, की त्या रात्री आम्हाला वाचवताना तुमचं नेमकं काय गेलं. तुमचं किंवा बोटीचं नाव यात येणार नाही, नुसतं तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे प्रमुख, एवढंच; तसं वचन तुम्ही घेतलंय.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमची होडी २८ फुटी, एक डोलकाठी आणि पोटात छोटं डिझेल इंजिन. खलाशी नाही, मी आणि माझा नवरा, दोघंच. मुंबईहून गोव्याला शिडावर जाणं सुखाचं असतं. डिसेंबर-जानेवारीत दुपारी वायव्येचा वारा उठतो, तो पाठीशी घेतला की होडी दक्षिणेला धावते. परतीला मात्र हाच वारा तोंडावर येतो. पहाटे जमिनीकडून येणारा मतलय मिळेल तितका वापरायचा, तो पडला की इंजिन लावायचं आणि वायव्य चढायच्या आत एखाद्या खाडीत शिरायचं, असं बंदर-बंदर करत वर यावं लागतं.

त्या दिवशी वेंगुर्ल्याहून पहाटे काळोखातच निघालो. विजयदुर्ग ४० सागरी मैलांच्या वर. मतलय लवकर पडला आणि वायव्य दुपार व्हायच्या आतच सुरू झाला. लाटा आखूड आणि उभ्या. होडी एक लाट चढायची, पुढच्या लाटेत नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आपटायची आणि जागीच थबकायची. पुन्हा वेग घेईपर्यंत तिसरी लाट हजर. देवगडला पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. अनोळखी बंदरात रात्री शिरू नये हा आमचा नेम. देवगडची खाडी आम्ही कधी पाहिलेली नव्हती, विजयदुर्ग ओळखीचं होतं आणि वारा रात्री उतरतोच, म्हणून पुढे निघालो.

वारा उतरला नाही. आठच्या सुमारास इंजिनानं घुसमटल्यासारखा आवाज केला आणि ते बंद पडलं. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर मागून हिरवा दोर ताठ होऊन पाण्यात गेलेला. जाळं पंख्यात गुंडाळलं होतं आणि सुकाणूतही अडकलं होतं. त्या जाळ्यानं होडीला शेपटीनं धरून ठेवलं, त्यामुळे लाटा पुढून यायच्या त्या मागून येऊन थेट आमच्या अंगावर फुटायला लागल्या. सुकाणू हलत नाही म्हटल्यावर शीड लावून निघणंही शक्य नव्हतं. दोर तुटला असता तर वारा आम्हाला घेऊन गेला असता तो किनाऱ्याकडे, कातळी सड्याखालच्या खडकांवर. नवरा वायरलेसवर १६ नंबरला, म्हणजे संकटाच्या चॅनलवर, हाक देत होता, मी बादलीनं पाणी उपसत होते. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आमच्याकडे आतल्या लाकडी भिंतीवर लिहिलेला आहे. मी दर बादलीला त्या आकड्याकडे बघत होते.

आणि मग तुमचा दिवा दिसला.

नंतर मी तुम्हाला विचारलं होतं, की एवढ्या काळोखात आम्ही अडकलोय हे कळलं कसं. तुम्ही म्हणालात, आमचा काठीवरचा दिवा नाचत होता पण पुढे सरकत नव्हता. जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बोट बांधून बसलेल्या माणसानं दूरच्या एका दिव्याकडे इतकं लक्ष ठेवलं होतं. हे मी पुष्कळांना सांगितलंय. समुद्रावर बरीच वर्षं फिरणारे लोकसुद्धा ऐकून गप्प होतात.

जाळं तुमचंच होतं. तुमची बोट वाऱ्याच्या बाजूनं जवळ आली तेव्हा मला वाटलं, आता आधी जाळ्याचं विचाराल. तुमचं पहिलं वाक्य माझ्या कानात अजून तसंच आहे : ‘दोगांच आसात? कोणाक लागूक नाय मां?’ दुसरं वाक्य, ‘मशीन चालू करू नकात.’ जाळ्याबद्दल एक अक्षर नाही. मग तुम्ही तुमच्या नेपाळी खलाशाला हिंदीत सांगितलंत, ‘काट, काट, देख मत.’ बांबूला कोयता बांधून त्यानं वाकून दोर कापायला घेतला. एका हातानं आमचा कठडा धरलेला, लाट आली की खांद्यापर्यंत पाण्यात, लाट गेली की पुन्हा कोयता. समुद्रापासून इतक्या लांबच्या डोंगरात जन्मलेला तो मुलगा दोन होड्यांच्या मधल्या फटीत आमच्यासाठी वाकला होता. त्याला माझा वेगळा नमस्कार सांगा. त्याची लोकरी टोपी वाहून गेली, तशीच दुसरी पाठवतेय.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. आम्हाला त्या रात्री माहीत नव्हतं, काकींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. अवस जवळ आलेली होती. काळोखात जाळं माशाला दिसत नाही, म्हणून त्याच रात्री तुमच्या कमाईच्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यापुढेही नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय तुम्ही होडी लोटत नाही, मग कधी वादळाचा इशारा, कधी मासाच नाही. हंगामात हाती लागणाऱ्या चांगल्या रात्री त्यामुळे मोजक्याच. त्यातल्या एका रात्री, डिझेल आणि बर्फ भरून गेलेले असताना, तुम्ही स्वतःच्या हुकमानं स्वतःचं जाळं कापलंत. उरलेलं बोया लावून समुद्रात सोडलंत आणि आम्हाला ओढत बंदराकडे वळलात. दुसऱ्या दिवशी ते उचलायला गेलात तेव्हा त्यातला मासा कामाचा राहिला नव्हता. हे सगळं जाईल हे कोयता पाण्यात जायच्या आधीच तुम्हाला ठाऊक होतं. ‘मदत केली’ हे शब्द मला यासाठी अपुरे वाटतात.

विजयदुर्गापर्यंत ओढताना तुम्ही बोट इतकी हळू चालवलीत, की मधला दोर एकदाही हिसकला नाही. लाट उंच आली की तुमच्या इंजिनाचा आवाज उतरायचा, आमची होडी लाटेवरून खाली आली की पुन्हा चढायचा. किल्ल्याला वळसा घातला आणि पाणी एकदम सपाट झालं. होडी हलायची थांबली तेव्हा माझे पाय लटपटायला लागले, तोवर ते जाणवलंही नव्हतं.

सकाळी डोळे उघडले तर समोर किल्ल्याची तटबंदी. तुम्ही पडावातून चहाची किटली घेऊन आलात आणि हात फिरवून दाखवलंत : या बाजूला किल्ला, त्या बाजूला डोंगर, आत वाघोटणची खाडी. ‘आंग्ऱ्यांचा आरमार उगाच नाय हंयसर ऱ्हवायचा.’ तुळाजी आंग्ऱ्यांचं आरमार १७५६ साली याच पाण्यात जळालं, हे मी वाचलं होतं. पण विजयदुर्गालाच आरमार का, हे आदल्या रात्री बाहेरून आत ओढून आणलेल्या माणसाला जसं समजतं तसं वाचून समजत नाही.

मग दुरुस्ती. होडी बाहेर काढायला क्रेन नाही. तुम्ही म्हणालात, अवसेचं उधाण येऊ दे. उधाणाला इथे पाणी दोन मीटरच्या वर चढतं-उतरतं. भरतीला होडी धक्क्याला लावली, डोलकाठीवरून दोर घेऊन धक्क्याच्या खुंटाला आवळला, म्हणजे ती पाण्याकडे कलंडणार नाही. ओहोटीनं पाणी गेलं तसा पंखा उघडा पडला. तो गोळा मी कधी विसरणार नाही. नायलॉनचा दोर फिरून फिरून तापला होता, वितळला होता आणि शाफ्टभोवती काचेसारखा कडक हिरवा थर होऊन बसला होता. सुरी त्यावर घसरत होती. तुमच्या मशीनवाल्या दादांनी हॅकसॉचं पातं हातात धरून, शाफ्टला ओरखडा न उमटवता, चिमट्यानं एकेक तुकडा सोलला. नवरा कमरेभर चिखलात उभा राहून बॅटरी धरत होता. पाणी परत चढायच्या आत काम पुरं व्हायला हवं होतं आणि झालं. शाफ्ट वाकला नव्हता. दादांनी घेतलेली मजुरी इतकी कमी होती, की मुंबईत तेवढ्यात कुणी होडी बघायलासुद्धा येत नाही.

पैशाचं तुमच्याशी बोलणं झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आम्ही पाकीट पुढे केलं. तुम्ही ओट्यावर बसून जाळं, दोर, बोये, शिसं असा कागदावर हिशेब मांडलात, तेवढेच मोजून घेतलेत आणि बाकीचे परत केलेत. ‘जाळ्याचे घेतंय. ओढून हाडलंय तेचे नाय.’ बुडालेल्या मासळीचे तर हिशेबातच धरले नव्हते. नवऱ्यानं पुन्हा विचारलं तेव्हा तुम्ही विषय बदललात.

काकींबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या रात्री त्यांनी मला स्वतःचं कोरडं लुगडं दिलं, उकड्या तांदळाची गरम पेज आणि सुक्या सुंगटांची किसमूर पुढे ठेवली आणि मी जेवेपर्यंत काहीही विचारलं नाही. मग म्हणाल्या, ‘भियां वाटला मां?’ त्यावर मी रडले. बंदरावर कुणासमोर रडले नव्हते. त्यांनी सांगितलं, की तुम्ही समुद्रावर असलात की त्यांना माडाच्या झावळ्यांच्या आवाजावरून वारा कळतो, आणि आवाज बदलला की झोप जाते. इतक्या वर्षांच्या संसारात ही सवय सुटलेली नाही. मी होडीवर असते, नवऱ्याच्या शेजारी. घरी राहून वारा ऐकत बसण्याची ताकद माझ्यात आहे असं मला वाटत नाही.

निघताना तुम्ही जे सांगितलंत तसंच वागलो. पहाटे मतलय धरून किनाऱ्याच्या जवळून जायचं, ऊन चढलं की लोभ न करता आत शिरायचं. जयगडला थांबलो. दाभोळच्या तोंडाशी वाळू आहे, भरती पाहूनच जा, म्हणालात. भरती पाहूनच गेलो. दिघीच्या खाडीत एक पूर्ण दिवस वारा जाऊ दिला. खांदेरी-उंदेरी मागे टाकून गेटवेसमोर नांगर टाकला तेव्हा नवऱ्यानं आधी तुमचाच नंबर लावला.

आता एक काम. जाळ्याच्या झेंड्यावर लावायचे सौरदिवे आम्ही इथे पाहून ठेवलेत, रात्री आपोआप लुकलुकणारे, पाण्यात बुडाले तरी चालणारे. तुमच्या जाळ्यांना आणि शेजारच्या बोटींनाही पुरतील इतके घ्यायचे आहेत. पाऊस संपून उत्तरेचा वारा धरला की आम्ही पुन्हा खाली येऊ, तेव्हा बरोबर आणतो. एकूण किती लागतील आणि कुठल्या रंगाचे चालतील, ते चार तांडेलांना विचारून कळवा. हे मात्र फोनवर नीट सांगा, विषय बदलू नका.

काकींना आणि मशीनवाल्या दादांना नमस्कार.

तुमचे,
शिडवाले दोघं